दिवस भरण्याआधी कळा आल्या तर : सोबतच्या माणसाने काय करायचं, कोणत्या क्रमाने

माझ्या बहिणीला एकतिसाव्या आठवड्यात रात्री पोट घट्ट व्हायला लागलं, तेव्हा घरात आम्ही तिघं जाणती माणसं होतो. गॅस असेल, दिवसभर उभी होती म्हणून असेल, सकाळपर्यंत बघू, या चर्चेत अडीच तास गेले. शेवटी हॉस्पिटलमध्ये पोचलो. तिथे पहिला प्रश्न आला, "किती आठवडे, किती दिवस?" आणि तिघांनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाला सातवा संपला, दुसरी म्हणाली आठवा लागला, मी म्हणालो एकतीस की बत्तीस. फाइल घरी राहिली होती.

त्यानंतर ओळखीच्या चार-पाच घरांत हाच प्रकार बघितला. प्रेम कमी नसतं, पण क्रम चुकतो. फोन करायच्या वेळी माणसं बॅग भरतात, बॅग भरायच्या वेळी नातेवाइकांना कळवत बसतात. कळा खऱ्या की खोट्या हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. वेळ वाया न घालवणं, नेमकी माहिती पुरवणं आणि तिला एकटं न सोडणं एवढंच तुमचं काम. हा लेख तिच्या बाजूला असणाऱ्या माणसासाठी आहे, मग तो नवरा असो, बहीण, सासू, भाऊ की मैत्रीण.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेला जन्म अपुऱ्या दिवसांचा धरतात. जगात साधारण दहातलं एक बाळ असं जन्मतं. त्यात ३६ आठवड्यांचं बाळ आणि २७ आठवड्यांचं बाळ यांची गोष्ट पूर्ण वेगळी असते, म्हणून आठवड्यांचा हिशोब आधी पक्का करायचा.

टप्पा १ : काहीच झालेलं नसताना करायची तयारी

आधीचं बाळंतपण लवकर झालं असेल, जुळं असेल, गर्भाशयाचं तोंड आखूड असल्याचं सोनोग्राफीत दिसलं असेल, रक्तदाब चढत असेल किंवा मधूनमधून अंगावरून जात असेल, तर ही तयारी आजच करा. यातलं काहीही नसलं तरी विसावा आठवडा उलटला की करून ठेवा. लवकर बाळंत होणाऱ्या कितीतरी जणींमध्ये आधी कोणतंही ठळक कारण दिसत नाही.

*एक पान तयार करा.* त्यावर एवढं लिहा :

– प्रसूतीची अपेक्षित तारीख, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने ठरलेली. नंतरच्या सोनोग्राफीतली तारीख बाळाच्या वाढीनुसार मागेपुढे होते, ती धरू नका.
– रक्तगट. तो निगेटिव्ह असेल तर ठळक लिहा, कारण रक्तस्राव झाल्यास वेगळं इंजेक्शन द्यावं लागू शकतं.
– वार कुठे आहे. ती खाली, तोंडाजवळ असेल तर हाताने आतून तपासणी करत नाहीत, आणि हे तपासणाऱ्याला आधी कळायला हवं.
– मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, दमा. चालू गोळ्या मात्रेसह. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी.
– आधीची बाळंतपणं, गर्भपात, ऑपरेशनं. पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल तर त्याची तारीख.

या पानाचा फोटो दोन माणसांच्या फोनमध्ये ठेवा. मूळ पान फाइलच्या पहिल्या खिशात.

*आठवडे मोजायला शिका.* अपेक्षित तारीख म्हणजे ४० आठवडे पूर्ण. आजपासून त्या तारखेला किती दिवस उरलेत ते मोजा आणि ४० आठवड्यांतून वजा करा. ४६ दिवस उरले असतील तर ते झाले ६ आठवडे ४ दिवस. म्हणजे आज ३३ आठवडे ३ दिवस. "आठवा चालू आहे" हे उत्तर डॉक्टरांच्या काही कामाचं नाही. ३१ आणि ३४ आठवड्यांच्या उपचारांत मोठा फरक असतो आणि बोलीत दोन्हींना आठवाच म्हणतात.

*जिथे नाव नोंदवलंय तिथे तीन प्रश्न विचारून ठेवा.* किती आठवड्यांपुढच्या बाळाची काळजी इथे घेता येते? त्याआधीची वेळ आली तर कुठे पाठवता? रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि कोणत्या दाराने आत यायचं? शेवटचा प्रश्न फालतू वाटतो. रात्री बंद फाटकासमोर उभं राहिल्यावर तो फालतू राहत नाही.

*बॅग लहान ठेवा.* फाइल, ओळखपत्र, लांब वायरचा चार्जर, मोठे पॅड, पुढून उघडणारे दोन सैल कपडे, चपला, चष्मा, रोजच्या गोळ्या, केस बांधायला काहीतरी, एक वही आणि दोन पेनं. बाळाच्या कपड्यांची खरेदी आत्ता नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते कपडे लगेच लागतही नाहीत.

सावध : "धोका आहे" असं कळल्यावर तिला आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवणं ही फार जुनी चूक. नुसतं पडून राहिल्याने बाळंतपण लांबतं हे सिद्ध झालेलं नाही. पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका मात्र वाढतो, स्नायू ढिले पडतात आणि मन खचतं. डॉक्टरांनी "आराम करा" म्हटलं तर तिथेच विचारा : जिने चढायचे का, वजन किती उचलायचं, प्रवास, नोकरी, शरीरसंबंध? एकेकाचं उत्तर लिहून घ्या.

टप्पा २ : लक्षणं ओळखणं

लवकर सुरू होणाऱ्या कळा क्वचितच गाजावाजा करत येतात. बहुतेक वेळा ती म्हणते, "कसंतरीच होतंय." त्या कसंतरीच्या पोटात पुढच्यापैकी काय आहे ते शांतपणे विचारा :

– पोट ठरावीक अंतराने कडक होणं, दुखत नसलं तरीही
– पाळीसारखं ओटीपोटात दुखणं, कंबरेत सतत किंवा लाटांसारखी कळ
– बाळ खाली दाबतंय असं वाटणं
– अंगावरून पाणी जाणं, धारेने किंवा नुसती ओल
– रक्त, किंवा नेहमीपेक्षा वेगळा, चिकट, पाण्यासारखा वा गुलाबी स्राव
– बाळाची हालचाल कमी वाटणं

पोट घट्ट होतंय का ते बघायला बोटांची टोकं पोटावर अलगद ठेवा. एरवी ते गालासारखं दबतं, कळ असताना कपाळासारखं टणक लागतं. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचं अंतर मोजा, संपल्यापासूनचं नाही. इथे बहुतेक जण चुकतात. कुशीवर झोपून, लघवीला जाऊन, पाणी पिऊन कळा विरल्या तर त्या बहुधा खोट्या. पण हे प्रयोग फोन लावता लावता करायचे. दहा मिनिटांच्या किंवा त्याहून कमी अंतराने पोट घट्ट होत असेल तर थांबून मोजत बसायचंच नाही.

पाणी गेलं की लघवी, हा नेहमीचा घोळ. स्वच्छ कोरडा पॅड लावा आणि वेळ लिहा. रंग बघा : पाण्यासारखा, पिवळसर, गुलाबी, हिरवट की तपकिरी? वास बघा. पॅड भिजला तर पिशवीत घालून सोबत न्या, टाकून देऊ नका. आत कापूस किंवा काहीही घालायचं नाही, आणि घरातल्या कितीही अनुभवी बाईने आतून तपासायचं नाही. पाण्याची पिशवी फुटलेली असेल तर अशा तपासणीने जंतू वर चढतात.

थेट अ‍ॅम्ब्युलन्स, चर्चा नाही : भरपूर रक्तस्राव, पोट लाकडासारखं कडक होऊन सैल न होणं, जोर करावासा वाटणं, झटका किंवा बेशुद्धी, डोळ्यांपुढे काजवे चमकण्यासोबत जोराची डोकेदुखी. आणि पाणी गेल्यावर योनीत दोरीसारखं काही लागलं तर ती नाळ असू शकते. तिला गुडघे-कोपरांवर, डोकं खाली आणि कंबर उंच अशा स्थितीत ठेवा, नाळेला हात लावू नका, आत ढकलू नका, आणि फोनवर पहिलं वाक्य हेच सांगा.

टप्पा ३ : फोन, आणि मग बाकी सगळं

क्रम असा : फोन, गाडी, फाइल, बॅग, निघणं. नातेवाइकांना गाडीत बसल्यावर कळवा.

फोनवर कहाणी सांगू नका. असं बोला : "३१ आठवडे २ दिवस. पहिलं बाळंतपण. साडेदहापासून पोट घट्ट होतंय, आता दर आठ मिनिटांनी. पाणी गेलेलं नाही, रक्त नाही, बाळ हलतंय. रक्तगट ओ निगेटिव्ह. आम्ही निघालो तर अर्ध्या तासात पोचू. काय करू?" वीस सेकंदांत संपतं. जमत असेल तर नंतर फोन तिच्याकडे द्या. तिच्या बोलण्यातून, श्वासातून पलीकडच्या माणसाला तुमच्या वर्णनापेक्षा जास्त कळतं.

खायला-प्यायला द्यायचं का, हे विचारून घ्या. आधीच्या वेळच्या उरलेल्या कळा थांबवायच्या गोळ्या, दुखणं कमी करायच्या गोळ्या, कुणी सुचवलेलं काहीही आपल्या मनाने देऊ नका.

आता कुठे जायचं? ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल आणि जवळच्या ठिकाणी नवजात अतिदक्षता विभाग, म्हणजे एनआयसीयू नसेल, तर फोनवरच विचारा की थेट मोठ्या ठिकाणी जाऊ का. जन्मल्यावर बाळाला हलवण्यापेक्षा पोटात असताना आईसकट हलवणं बाळासाठी खूप सुरक्षित असतं. मात्र जोर येत असेल, रक्त जात असेल किंवा कळा अगदी लागोपाठ असतील, तर जे सर्वांत जवळ असेल तिथेच.

तपासा, दार ओढण्याआधी : फाइल हातात आहे? फोन चार्ज आहे? मोठं मूल घरी असेल तर त्याच्याजवळ कोण आहे, हे एका वाक्यात ठरलं?

टप्पा ४ : भरती झाल्यावरचे पहिले तास

पोटावर पट्टे लावून बाळाचे ठोके आणि कळा नोंदवतील, लघवी तपासतील, उपकरणाने आत बघतील, आतून सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजतील. काही ठिकाणी फायब्रोनेक्टिन नावाची स्वॅबची चाचणी होते. ती निगेटिव्ह आली तर येत्या आठवडा-दोन आठवड्यांत बाळंतपण होण्याची शक्यता बरीच कमी असते. गेल्या २४ तासांत शरीरसंबंध आला असेल किंवा रक्त गेलं असेल तर तिचा निकाल फसवा येऊ शकतो. डॉक्टर हे विचारतील तेव्हा खोलीत सासू, मामा, दीर उभे असले तर ती खरं बोलणार नाही. कुणी सांगायची वाट न बघता बाहेर जा आणि इतरांनाही घेऊन जा.

पुढे ज्या औषधांची नावं कानावर पडतील त्यांचा अर्थ एवढा :

*बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइड.* बेटामेथासोनची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने, किंवा डेक्सामेथासोनची चार, १२ तासांच्या अंतराने. साधारण २४ ते ३४ आठवड्यांत देतात. पहिल्या इंजेक्शनपासून एक दिवस ते सात दिवस या काळात बाळ झालं तर फायदा सर्वांत जास्त. म्हणून पहिल्या इंजेक्शनची नेमकी वेळ वहीत लिहा. दुसरीकडे हलवावं लागलं तर तिथे हीच वेळ विचारतात. "स्टेरॉइड" शब्द ऐकून घरची मंडळी दचकतात आणि नको म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा जीव वाचवणाऱ्या उपचारांत हा सर्वांत भक्कम पुराव्याचा उपचार आहे. तिला मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढेल, ते आधी बोलून घ्या.

*कळा मंदावण्याचं औषध,* उदाहरणार्थ निफेडिपिन किंवा अ‍ॅटोसिबान. हे नववा महिना गाठण्यासाठी नसतं. स्टेरॉइड लागू पडायला आणि गरज पडल्यास हलवायला ४८ तास मिळावेत, एवढाच हेतू. प्रत्येकीला ते देतही नाहीत; जंतुसंसर्ग किंवा मोठा रक्तस्राव असेल तर बाळ आत ठेवणंच धोक्याचं असतं. "तुम्ही कळा थांबवत का नाही?" म्हणून भांडण्याआधी हे विचारून घ्या.

*मॅग्नेशियम सल्फेट.* फार लवकर, साधारण ३२ आठवड्यांच्या आत बाळ होणार असं दिसलं तर बाळाच्या मेंदूच्या संरक्षणासाठी शिरेतून देतात. त्याने तिला अंगभर एकदम गरम वाटतं, घाम येतो. आधी सांगून ठेवलंत तर घाबरणार नाही.

*अँटिबायोटिक.* पाणी गेलं असेल किंवा बाळंतपण सुरूच झालं असेल तर.

वहीची पद्धत साधी ठेवा : वेळ, काय झालं, कोण म्हणालं, पुढे कधी. आमच्या वहीतली एक ओळ अशी होती, "१.५० – पहिलं इंजेक्शन, उजवी मांडी. दुसरं उद्या याच वेळी. पहाटे परत पट्टे लावणार." दुसऱ्या रात्री ड्युटी बदलली तेव्हा त्या एका ओळीने दहा मिनिटांची शोधाशोध वाचली.

दोन गैरसमज : इंजेक्शन दिलं म्हणजे बाळ आता होणारच, असं नाही, या लक्षणांनी भरती झालेल्या बऱ्याच जणी त्या आठवड्यात बाळंत होत नाहीत. आणि कळा थांबल्या म्हणजे धोका टळला, असंही नाही.

टप्पा ५ : बाळाच्या डॉक्टरांना आधी भेटणं

प्रसूतीचे डॉक्टर आणि नवजात बाळाचे डॉक्टर वेगळे असतात. कळा थांबलेल्या असताना, तिचं डोकं शांत असताना, बाळाच्या डॉक्टरांशी दहा मिनिटांची भेट मागा. तिच्यासमोरच बोलायचं, तिच्यापासून लपवून बाहेर कॉरिडॉरमध्ये नाही. विचारा : आज बाळ झालं तर जन्मल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय कराल? श्वासाला कोणती मदत लागेल? दूध कसं द्याल? आम्हाला बाळ कधी दिसेल, हात कधी लावता येईल? आणखी एक आठवडा मिळाला तर काय फरक पडेल?

काही गोष्टी आधी माहीत असल्या की त्या क्षणी धस्स होत नाही. बाळ रडेलच असं नाही. फार लवकर आलेल्या बाळाला ऊब टिकावी म्हणून स्वच्छ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. बाळ ठीक असेल तर नाळ मिनिटभर थांबून कापतात. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास जमायला लागतो, म्हणून त्याआधीच्या बाळाला नळीने दूध देतात. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" ही ऐकीव गोष्ट साफ चुकीची आहे. पोटातला जास्तीचा प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा, जोवर आत राहणंच धोक्याचं ठरत नाही तोवर.

आत्ताच ठरवा : बाळाबरोबर कोण जाणार, तिच्याजवळ कोण थांबणार. हे ठरलेलं नसलं की सगळी वरात बाळामागे धावते आणि ती टेबलावर एकटी छताकडे बघत पडते. मी हे केलंय. बहीण अजून बोलून दाखवते.

टप्पा ६ : वाट बघण्याचे दिवस

हे दिवस सर्वांत चिवट. बाहेरच्यांशी बोलायला एकच माणूस नेमा, तो दिवसातून एकदा सगळ्यांना एक निरोप पाठवेल. तिचा फोन तिच्या मर्जीवर. भेटायला येणाऱ्यांना तुम्ही नाही म्हणा, तिच्यावर ते ओझं टाकू नका.

बोलताना तीन वाक्यं गिळा. "टेन्शन घेऊ नकोस, त्यानेच कळा येतात". यात दोष तिच्यावर जातो. "तेव्हा एवढं काम करायला नको होतंस". यात तर उघडच. आणि "आमच्या ओळखीत एक बाळ साडेसातशे ग्रॅमचं होतं, आज बघा" ही गोष्ट तिने विचारल्याशिवाय सांगू नका. त्यापेक्षा "आत्ता कशाची भीती वाटतेय?" विचारा आणि गप्प बसा. उत्तर बहुतेक वेळा तुम्हाला वाटतं त्यापेक्षा वेगळं निघतं. माझ्या बहिणीला बाळाइतकीच चिंता होती ती ऑफिसात अर्धवट राहिलेल्या एका फाइलची. एका फोनने ती मिटली आणि ती त्या रात्री झोपली.

घरी सोडलं तर निघण्याआधी "परत केव्हा यायचं" हे लिहून घ्या. पाणी गेलेलं असेल तर दिवसातून काही वेळा ताप बघा. ३८ अंश सेल्सिअस किंवा वर, घाण वास, पोट दाबल्यावर दुखणं, रंग बदललेलं पाणी, यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा. बाळाच्या हालचालींचा सगळ्यांना लागू पडणारा एकच आकडा नसतो. तिला रोजच्यापेक्षा कमी वाटलं, एवढं पुरे. त्याच दिवशी, त्याच वेळी फोन.

सावध : एकदा जाऊन "काही नाही" म्हणून परत आलं की दुसऱ्यांदा लाज वाटते. दुसऱ्यांदाही जा, तिसऱ्यांदाही. आम्ही दहा दिवसांत तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला, ३२ आठवडे ५ दिवसांना, भाची झाली.

टप्पा ७ : जन्मानंतर पहिलं काम, दूध काढणं

सगळे बाळाकडे बघत असतात आणि हे राहून जातं. बाळ पेटीत असेल, चोखत नसेल, तरी दूध काढायला लवकर सुरुवात करायची : जमल्यास पहिल्या तास-दोन तासांत, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत. मग २४ तासांत आठ ते दहा वेळा, त्यात रात्री निदान एकदा. बाळ चोखत नसल्याने "दूध हवंय" हा निरोप शरीराला फक्त या काढण्यातूनच मिळतो. उशीर झाला, अंतर पडलं तर पुढे दूध वाढवणं अवघड जातं. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना होणाऱ्या एका गंभीर आजाराचा धोका आईच्या दुधाने कमी होतो, त्यामुळे हे औषधासारखंच धरा.

सुरुवातीला हाताने काढणं बरं. चीक दाट आणि थोडा असतो, पंपाच्या भांड्यालाच चिकटून राहतो. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या मागे इंग्रजी सी अक्षरासारखी ठेवून छातीच्या दिशेने मागे दाबायचं, मग एकमेकांकडे, मग सैल. बोटं कातडीवर घासायची नाहीत. नर्सकडून एकदा दाखवून घ्या. पहिल्या वेळी बहिणीला वीस मिनिटांत अर्धा मिलिलिटरही आलं नाही. ती ते झाकून ठेवत होती. नर्सने सिरिंजमध्ये ओढून घेतलं, नाव, तारीख, वेळ लिहिली आणि थेट बाळाकडे नेलं. गालाच्या आत लावायला तेवढं पुरतं.

तुमचा वाटा : वेळेची आठवण, हात धुवायची सोय, पंपाचे भाग धुऊन निर्जंतुक करणं, लेबल लावणं, दूध पोचवणं, वहीत वेळ लिहिणं. किती निघालं याची मोठ्याने वाच्यता नको. "दूधच येत नाही तिला" हे वाक्य खोलीत कुणी उच्चारायचं नाही. दूध किती तास कुठे ठेवायचं याचा त्या विभागाचा नियम विचारा आणि तोच पाळा. दूध कमी पडतंय असं वाटलं तर विभागात सांगा, दुधाच्या बँकेचं दूध मिळू शकतं का विचारा. बाहेरून आणलेलं काहीही बाळाच्या तोंडाला लावायचं नाही, बोटभरही नाही.

टप्पा ८ : एनआयसीयूच्या दारात

घड्याळ, अंगठ्या काढून कोपरापर्यंत हात धुवा. सर्दी-खोकला, जुलाब, अंगावर पुरळ असेल तर आत जाऊ नका, कितीही जवळचे असलात तरी. मशिनचा आवाज झाला की आधी बाळाकडे बघा, मग नर्सकडे. पडद्यावरच्या आकड्यांशी झुंजू नका. अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास घ्यायला मध्येच विसरतात, ते नर्सला माहीत असतं.

कुरवाळू नका. एक हात डोक्याला, एक हात पायांना, न हलवता नुसता ठेवा. हलक्या बोटांच्या स्पर्शाने ही बाळं दचकतात. बाळ स्थिर असेल तर उघड्या छातीवर उभं धरून ठेवण्याची कांगारू पद्धत कधी सुरू करायची ते रोज विचारा. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून ती जन्मानंतर लगेच सुरू करायला आणि दिवसाचे ८ ते २४ तास द्यायला सांगते. आई दमली असेल तर बाबाची छातीही चालते.

पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं. रोज एकाच वेळी, एकाच माणसाने डॉक्टरांना विचारावं. चौघांनी चार वेळा विचारलं की चार अर्थ घरी येतात.

तपासा, तिचं : बाळाच्या धांदलीत तीही नुकती बाळंत झालीय हे विसरायला होतं. ताप, भरपूर रक्तस्राव, पोटरी दुखून सुजणं, धाप, जोराची डोकेदुखी, रक्तदाब १४०/९० किंवा वर : लगेच दाखवा. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, झोप येत नसेल, बाळाकडे जावंसंच वाटत नसेल तर डॉक्टरांशी बोला. जगणं नको वाटतंय असं म्हणाली तर त्याच दिवशी, आणि तोवर तिला एकटं सोडू नका. बाबाकडेही लक्ष ठेवा. तो बहुतेक वेळा बोलत नाही.

टप्पा ९ : घरी जाताना

निघण्याआधी औषधं मोजून देणं, दूध पाजणं, अंग गरम ठेवणं तुमच्या हातून करून घ्यायला सांगा. नर्स बघत असताना चुकलेलं बरं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि श्रवण तपासणी यांच्या तारखा लिहून घ्या. डोळ्यांची तारीख पुढे ढकलायची नाही, बाळ कितीही छान दिसत असलं तरी. उपचाराची वेळ थोडी असते आणि ती निघून गेली तर दृष्टी जाऊ शकते.

लसी जन्मतारखेनुसार. वाढ मात्र सुधारित वयानुसार बघायची : ३२ आठवड्यांना जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलंय, म्हणजे ते सहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून साधारण चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा. हा हिशोब दोन वर्षांचं होईपर्यंत चालवा आणि शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्यांना तो ऐकवा.

बाळ पाठीवर झोपवा, घरात कुणी धूम्रपान करायचं नाही, सर्दी झालेल्याने दूर राहायचं. श्वास थांबणं, ओठ निळे पडणं, दूध न घेणं, अंग गार किंवा ढिलं पडणं : वाट बघू नका.

वही फेकू नका. पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीला ती सोबत न्या. कितव्या आठवड्यात काय झालं, आधी पाणी गेलं की आधी कळा आल्या, यावरून गर्भाशयाच्या तोंडाची लांबी कधीपासून मोजायची, प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक द्यायचं की टाका घालायचा, हे डॉक्टर ठरवतात.